गिळलेलं वाक्य

ताडमाडा,

माझी लेक उन्हाळी साहित्यशाळेला गेलीय, आपल्याच त्या जुन्या विद्यापीठाच्या शहरात. नियम अजून तोच आहे म्हणे: आपली कथा शेजाऱ्यानं वाचून दाखवायची, लिहिणाऱ्यानं हूं की चूं करायचं नाही.

माझी कथा तुझ्या वाट्याला आली होती. दगडी खिडकीला टेकून तू ती झकास वाचलीस आणि शेवटचं वाक्य चक्क गिळलंस. बाईंनी शेवटाचं तोंडभरून कौतुक केलं, इकडे माझ्या अंगाचा तिळपापड! जिन्यातच तुला गाठलं. "वाक्य का खाल्लंस रे?"

तुझे कान लाल झाले. "ते मला एकट्याला हवं होतं."

मग घरी गेल्यावर पहिलं पत्र कोणी टाकायचं यावर दोघंही अडून बसलो, आणि बसल्या बसल्या दोघांचे वेगवेगळे संसार झाले. मी तर अजून अडूनच आहे; हेही टाकणार नाही.

आज लेकीचा फोन आला. "आई, उद्या वाचन आहे आणि शेवटचं वाक्यच सुचत नाहीये. दे ना एखादं!"

ते अगदी ओठांवर आलं होतं.

"होतं गं एक चांगलं," मी म्हटलं, "पण ते मी कधीच देऊन टाकलंय."

तुझाच,
चिडका बिब्बा