सांधलेलं सूत

नाना, माकडाच्या मेंदूचा नकाशा परवा पुरा झाला आणि आज मी सोलापूरला आपल्या घरी आले. मेंदूचे पातळ काप घ्यायचे, डोपामिन हे रसायन जिथे पकडलं जातं ते रिसेप्टर शोधायचे आणि दाटीप्रमाणे पडद्यावर रंग भरायचे, हे माझं काम. चादरीच्या कारखान्यात तुम्ही चौकटीच्या कागदावर नक्षी भरायचात, त्यामुळे आज तुम्ही असतात, तर तुम्हाला हे समजवायला वेळ लागला नसता. यातले एका जातीचे रिसेप्टर हालचालीच्या भागात विरळ आहेत, आणि एखादी गोष्ट हवीशी वाटते त्या भागात दाट. तुमची नवी गोळी त्यांनाच जाऊन चिकटायची.

त्याआधी कंपवातानं तुमचा उजवा हात थरथरून आखडला होता, काम सुटलं होतं. गोळी सुरू झाली आणि तुम्ही कारखान्यातलं टाकाऊ सूत मागवलंत. सकाळपासून तुम्ही गाठी मारून तुकड्याला तुकडा जोडताय, ताट गार होतंय. दुसऱ्या घरात कुणीतरी घाबरलं असतं. आपल्या विणकरांच्या घरात सगळे खूश. मी तुम्हाला जेवायला उठवू लागले तर आईनं मलाच दटावलं, "नको उठवू. लई दिवसांनी हात चाललाय की ह्यांचा." ती स्वतः पिशव्या भरून सूत आणायची. मी पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही त्या सांधलेल्या सुताचे गुंडे माझ्यापुढे सरकवलेत. "तिकडं थंडी लई असती. चादर विणून घे." शेजारच्या मागावर ती विणून झाली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हे वेड गोळीचं आहे, आणि गोळी बंद केली. थोड्याच दिवसांत तुम्ही सूत बाजूला सारलंत, पुन्हा हात लावला नाहीत.

ती चादर तुम्ही दिलीत की गोळीनं, हे मला कळायला हवं होतं. या कामात मी शिरले ती बहुतेक त्याचसाठी. नकाशा पुरा झाला तरी त्यात उत्तर नाही. त्यात हवंसं वाटण्याची जागा दिसते, कुणासाठी ते दिसत नाही. गोळीनं तुम्हाला गाठी मारायला बसवलं, हे मी मान्य करते. पण पुण्यात मला थंडी वाजेल हे गोळीला कुठून ठाऊक असणार?

हा कागद चादरीच्या घडीतच ठेवते. आणि खरं सांगायचं तर, नाना, तिच्या गाठी फार टोचतात. मी आतून दुसरी घेते, वरून तुमची.