शेवटचं पान आधी

सूनबाई,

दूध तापवून झाकून ठेवलं आहे. मी वाचनालयात जाते आहे. या खेपेला पुस्तक माझं मी निवडणार.

या वयात तू मला अक्षरं शिकवलीस, ते मी विसरणार नाही. पण चरित्र मी शेवटच्या पानापासून वाचते, हे तुला चांगलं ठाऊक आहे. माणूस कुठे मेला ते कळल्याशिवाय माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही. तू आणलेला तो शास्त्रज्ञ, ती गायिका आणि तो जहाजाचा कप्तान, तिघंही म्हातारपणी घर सोडून गेले आणि परक्या खोलीत सुखाने मेले. थोरांना घर सोसत नाही की काय? मी तर काही थोर नाही.

काल तुम्ही दोघं माझी खोली रिकामी करायचं बोलत होतात. मी आत आले तशी भाजीच्या भावावर गाडी गेली. भिंतीला कान असतात, आणि या घरात ते माझेच आहेत.

आपल्या माणसांत, आपल्याच अंथरुणावर मेलेला एखादा मोठा माणूस मिळतो का बघते. मिळालाच तर आधी तू वाच, शेवटच्या पानापासून.

माझ्या खोलीला कुलूप लावलं आहे. किल्ली माझ्याजवळ आहे.

तुझी सासू