कुणालाच न येणारा वास

सोमवार, ६ मार्च २००६. ब्रॅकनेल, इंग्लंड.
ऑफिसात नवं कार्पेट. दहा मिनिटांत छाती आवळली, हातांना मुंग्या. शेजारच्या डेस्कवरचा उदय म्हणे, मला तर काहीच वास येत नाही. त्याला कायमची सर्दी, त्याला काय येणार! इंटरनेटवर सगळी लक्षणं जुळली. केमिकल सेन्सिटिव्हिटी. दोन आठवड्यांत ठणठणीत होणार.

११ मार्च
ब्लीच, एअर फ्रेशनर, ऋजुताचा परफ्यूम, सगळं बिनमध्ये. ऋजुता काही बोलली नाही. बायकोला पटलं की असंच असतं.

१९ मार्च
उदबत्ती बंद, फोडणी बंद. ऋजुता म्हणाली, "यतीन, मोहरीत कसलं आलंय केमिकल?" शांतपणे समजावलं. आवाज चढला तो फक्त शेवटी.
मायराने विचारलं, "बाबा, माझा शॅम्पू पण बॅड आहे?" हो म्हणालो. सहा वर्षांची आहे, पण समजूतदार. आता दारातच थांबते.

मंगळवार, ४ एप्रिल, स. ११
जीपीकडे, इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आलो. बाईंनी कार्पेटचं दोन मिनिटं ऐकलं. मग झोप लागते का, रडू येतं का, घरी काही घडलंय का. म्हटलं, जानेवारीत वडील गेले, पुण्याला. पासपोर्ट व्हिसा एक्स्टेन्शनला अडकला होता, जाता आलं नाही. पण त्याचा इथे काय संबंध? त्या म्हणाल्या, तुम्हाला होणारा त्रास खराच आहे, पण हे पॅनिक अटॅक वाटतात, सोबत डिप्रेशनही असेल. काउन्सेलरशी बोलून बघा. म्हणजे मी वेडा! नको म्हणून सांगितलं. रडतबिडत नाही मी.

१० एप्रिल
मॅनेजरचा ईमेल: ऑफिसला कधी येताय? नोकरीवर व्हिसा आहे, हे ऋजुताने तीनदा ऐकवलं. मला माहीत नाही का? सोमवारपासून नक्की.

सोमवार, १७ एप्रिल
ईस्टरची सुट्टी निघाली. बरं झालं.
ऋजुता मायराला घेऊन ब्रिस्टलला, सुचेताकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे गेली. परत कधी, ते बोलली नाही. एका अर्थी उत्तम. घर आता पूर्ण शुद्ध करतो.

२९ एप्रिल
पडदे, गाद्या, बेडरूमचं कार्पेट, सगळं काढलं. फळ्यांवर झोपतो. खिडक्या उघड्या. थंडी आहे, पण हवा स्वच्छ. कालपासून पुष्कळ बरं. काल दोनच अटॅक. आज तीन, पण शेजाऱ्याने गवत कापलं.

रविवार, ७ मे. ब्रिस्टल.
दोघींना घरी न्यायला आलो. बरा झालो म्हणून सांगणार होतो. शहराबाहेर टेकडीवर फिरायला गेलो. गार वारा, मोकळं माळरान, मैलभर काही नाही. आणि तिथेच छाती आवळली. नेहमीपेक्षा जोरात. गवतात बसलो. नाकाने हवा ओढून ओढून वास शोधला. नव्हता.
ऋजुताने विचारलं, कसला वास येतोय?
कसलाच नाही, म्हणालो. मग रडूच फुटलं. खूप वेळ. मायरा मावशीचा हात धरून बघत होती.
उद्या ऋजुता जीपीच्या दवाखान्यात फोन करून अपॉइंटमेंट घेणार आहे. मीच तिला करायला सांगितलं. मला बोलता आलं नसतं.