मडकं फोडणारं कडवं

३ फेब्रुवारी

नाही गाणार म्हणजे नाही गाणार! शेवटचं कडवं गाळून भागाजी मास्तरांचं गाणं? बॅण्ड आमश्याभाऊंचा, गाडी त्यांची, भोंगे त्यांचे — कबूल. गळा माझा आहे.

मास्तर दीडशे वर्षांपूर्वीचे. गावोगाव दारूविरुद्ध कवनं म्हणायचे, मार खायचे, पुन्हा म्हणायचे. आज तळोद्यात कुठलंही लग्नाचं रेकॉर्डिंग लावा — हळदीचं, वरातीचं — चाल त्यांचीच! शब्द मात्र कोणाला नकोत.

५ फेब्रुवारी

हेमराजच्या स्टुडिओत वाद्यं भरून झाली. माझा आवाज उद्या. भाऊ म्हणाले, "ते कडवं काढी टाक, रविना. लगनमा दारू चालस, आन तू तठे मडकं फोडशी?"

त्यात दारुड्याची बायको नवऱ्याचं दारूचं मडकं उचलून म्हणते, 'मडके फोडिते अंगणी मी, ऐको सारा गाव.' एवढंच! पण आमच्याकडे रीतच अशी — लग्नघरातून बाटली आल्याशिवाय बॅण्डचा पहिला ठोका पडत नाही. बाटली घ्यायची आणि वर हे गायचं? भाऊंची पंचाईत कळते मला. कळते म्हणून गप्प बसू?

६ फेब्रुवारी

गायले. कडव्याला हात घातला तसं भाऊंनी मशीन बंद करायला लावलं. "आते येऊ नको!" म्हणजे आतापासून बॅण्डमध्ये मी नाही.

त्यांची बायको, पारुबाई, तिथेच बसली होती. वाटलं, ही तरी बोलेल. भाऊ पिऊन आले की हिचं काय होतं, सगळ्या गल्लीला माहीत. तर मलाच म्हणते, "जे सांगस ते म्हन, बेटी. घर चालाले पाहिजे."

इतका संताप झाला! तिच्यासाठीच भांडत होते ना मी?

८ फेब्रुवारी

घरी. लग्नसराई तोंडावर आणि मी बिनबॅण्डची. आई म्हणते, जाऊन माफी माग. कसली माफी? मास्तरांनी मागितली होती का!

९ फेब्रुवारी

दुसरी गायिका शोधतायत म्हणे. शोधा!

११ फेब्रुवारी

हेमराजने गाणं पाठवलं. माझाच आवाज ठेवलाय. आणि कडवं आहे! पण तेवढ्यापुरता आवाज माझा नाही — जाडा, थरथरता, सुराला सोडून. पारुबाईचा!

हेमराज म्हणतो, आली आणि सरळ माईकपुढे बसली. भाऊ दारात उभे होते. थांबव म्हणाले नाहीत.