न लागलेल्या वस्तू

१ ऑक्टोबर, मंगळवार

पोचलो एकदाचे. विमानात हिने माझ्या खांद्याची उशी केली आणि उतरताना उशी फार कडक होती अशी तक्रार केली. म्हणजे प्रवास सुखाचा झाला.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं टायरचं दुकान दिसतं. दुकानदार दिवसभर टायर गडगडवत बाहेर आणतो आणि संध्याकाळी तसेच गडगडवत आत नेतो. आमच्या शाळेतही शिक्षण असंच चालायचं. भिंतीला खिळा मारायचा नाही, असा घरमालकाचा कडक नियम आहे. म्हणून लेकीच्या फोटोची चौकट टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवली.

ही दात करते. आधी मेणाचे, मग पक्के. इथल्या कवळ्यांच्या कारखान्याने तिला बोलावलं आणि तिच्या सामानात मी आलो. परवान्यावर माझा हुद्दा ‘अवलंबित’ असा आहे. वीस वर्षं संस्कृत शिकवलं, साप्ताहिकाला वार्तापत्रं पाठवली, आणि शेवटी मी ठरलो परान्नपुष्ट. हा शब्द हिने एका दमात पाठ केला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तेवढ्या काळात तिला आवडलेला हा माझा पहिला संस्कृत शब्द.

३ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी पाचला वसाहत खात्याच्या बाई आल्या. राखाडी कोट, चाकांची बॅग, आवाज अगदी मऊ. आम्ही त्यांचं नाव गुरुवारबाई ठेवलं, कारण पहिलं वर्षभर त्या दर गुरुवारी येणार आहेत. इथली भाषा हिला बरी येते, मला अंदाजाने. मला कळलं ते असं : नवराबायकोने एकेक कागद भरायचा, एकमेकांना न दाखवता, आणि पाकिटात चिकटवून द्यायचा. त्यावर प्रश्न एकच. या आठवड्यात घरातली कोणती गोष्ट लागली नाही? दोघांनी एकच लिहिली, की ती गोष्ट बाई घेऊन जातात. नवीन देशात माणसं जुनं सामान उराशी धरून बसतात आणि रुळत नाहीत, असं खात्याचं म्हणणं. कागद भरला नाही तर परवाना पुढे सरकत नाही.

दोघांनीही हिच्या आईने विणलेली शाल लिहिली होती. इथे घरं इतकी उबदार, की शाल पेटीतून निघालीच नव्हती. बाईंनी ती नीट घडी घालून नेली. ही जरा हिरमुसली. मी म्हटलं, एका प्रश्नात सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आपलं एकमत झालं, त्याचं काहीतरी मोल द्यावंच लागणार.

६ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन आला. पाऊण तास आईशी, दीड मिनिट माझ्याशी. त्या दीड मिनिटातही बाबा, आईला त्रास देऊ नका एवढंच. तिला म्हटलं, अवलंबितांना तसा अधिकारच नसतो.

१३ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. नंतर ही वही चाळली. शालीबद्दल काहीबाही लिहिलंय. कसली शाल, काही आठवेना. हिला विचारलं, तर आईला विणता येत होतं हेच तिला नवीन. वय झालं, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज कागदावर काय लिहावं सुचेना. मग लिहिलं, ‘या घरात अजिबात न लागलेली वस्तू म्हणजे प्रस्तुत अर्जदार.’ हिने छत्री लिहिली होती. मी काय लिहिलं ते बाई गेल्यावर हिला सांगितलं. ती म्हणाली, आधी सुचलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं, छत्री निदान पावसात तरी उपयोगी पडते.

गुरुवारबाई मात्र हसल्या नव्हत्या. दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि कागद वेगळ्या पाकिटात घातला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज जुळलं. कपाटावरची चौकट. टॉवेलातून काढलीच नव्हती, खिळा मारता येत नाही तर काढून करायचं काय. देण्याआधी मी काचेवरून बोट फिरवलं. लेक दोन वेण्यांत हसत होती. ही म्हणाली, फोटोचं काय एवढं, दर रविवारी बोलतोच की.

२७ ऑक्टोबर, रविवार

घर शांत. जेवून दोघांनी झोप काढली. उठल्यावर ही बराच वेळ फोनकडे बघत बसली होती. काय झालं विचारलं. काही नाही म्हणाली. खरंच काही नव्हतं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

वही पहिल्यापासून वाचली.

‘लेकीचा फोन.’ ‘लेकीच्या फोटोची चौकट.’ ‘दोन वेण्यांत हसत होती.’ अक्षर माझंच, शाईही माझीच. विनोदाची खोडही माझीच.

कोणाची लेक?

हिला वाचून दाखवलं. तिने कणीक मळता मळता ऐकलं आणि म्हणाली, आता गोष्टी लिहायला लागलात वाटतं, आपल्याला मूल असतं तर तुमचे हे विनोद ऐकून ते कधीच पळून गेलं असतं. हसली. मीही हसलो. मग न्हाणीघरात जाऊन आरशात बघितलं. रडू यायला हवं होतं. आलं नाही. नोंद करून ठेवतो.

संध्याकाळी गुरुवारबाईंना चौकट परत मागितली. न लागलेलीच गोष्ट नेली जाते, असं त्या मऊ आवाजात म्हणाल्या. जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. एकाने लिहिलेलं कधी बाद होत नाही. दुसरा ते लिहीपर्यंत उघडं राहतं. तुमची एक नोंद उघडी आहे.

मी म्हटलं, ती थट्टा होती. त्यांनी विचारलं, थट्टा म्हणजे कोणती वस्तू?

१ नोव्हेंबर, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. शपथ घेऊन. काहीही लिही, पण मला लिहू नकोस. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, इतकी लांबलेली थट्टा तुम्ही पहिल्यांदाच केलीत.

दोष माझाच. सव्वीस वर्षं हिच्याशी एक वाक्य सरळ बोललो नाही. आता सरळ बोलायचं तर ते कुठून आणू?

४ नोव्हेंबर, सोमवार

उपाय सापडला. मी लागलो पाहिजे. रोज.

सकाळी तिचा पांढरा कोट इस्त्री केला. डबा भरला. बुटांना पॉलिश. ती म्हणाली, अहो, आज काय मागायचंय?

शिवाय बरण्या. साखर, चहा, डाळ, लोणचं. सगळ्यांची झाकणं अंगातली सगळी ताकद लावून गच्च बसवली. संध्याकाळी तिने हाक मारली, “अहो, हे जरा उघडून द्या ना.”

उघडून दिलं. लागलो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

हिने चिमटा लिहिला. मी गळका कप. जुळलं नाही. ठीक.

दर सकाळी वहीतून एक ओळ मोठ्याने वाचतो, शाळेत मुलांकडून रूपं घोकून घ्यायचो तशी. मला लेक होती. मला लेक होती. काहीच वाटत नाही. तरी म्हणतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चार बरण्या. चार वेळा हाक. तळहाताला फोड आलाय.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. आम्ही दोघांनी ती कधी कागदावर लिहिली होती का, ते वहीत शोधलं. सापडलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हिने पायपुसणं लिहिलं. म्हणाली, आता घरात लिहायला काही उरलंच नाही, सगळ्याच गोष्टी लागतात, पुढच्या वेळी काय लिहू?

मी म्हटलं, पायपुसणंच लिही. परत.

गुरुवारबाईंनी जाताना मला नमस्कार केला. आजवर कधी केला नव्हता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पकडला गेलो. ही लवकर घरी आली. मी ओट्याशी, दात-ओठ खात, डाळीच्या बरणीवर —

आधी तिला कळेना. मग कळलं. खाली बसून हसली. डोळ्यांतून पाणी. “अहो, म्हणजे हे तुम्ही? आणि मी आपली कारखान्यात सांगतेय, माझ्या हातातली ताकद गेली.” पदराने डोळे पुसले. मग डोक्यावरून हात फिरवला माझ्या. कितीतरी वर्षांनी.

चांगलं वाटलं असावं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार, साडेचार

ही कागद भरतेय. टेबलावर. माझ्या समोर.

हाताने झाकून. गालातल्या गालात हसतेय.

काय लिहिलंस?

सांगत नाही.

पावणेपाच

सांगितलं. पाकीट बंद करून मग सांगितलं. “नेहमी तुम्हीच का? आज म्हटलं, तुमचीच थट्टा तुम्हाला परत. लिहिलंय, झाकणं गच्च करून बसणारा नवरा.”

पाकीट मागितलं. देत नाही. पाठीमागे धरलंय. लहान मुलीसारखी हसतेय. मी सरळ बोलतोय तर आणखीच हसतेय. हिसकावलं तर — चिकटवलेलं फाडलं की परवाना जातो. हिचं काम. दात. सगळं.

फाडतो तरी.

खिशात घातलं तिने. आत गेली. कडी.

पाच वाजायला चार

जिन्यात बॅगेची चाकं. एकेक पायरी.

टायरवाला टायर आत नेतोय.

ही वही तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतोय. उद्या दुपारी डबा काढशील तेव्हा हाताला लागेल. अक्षर कोणाचं, म्हणशील. पहिल्यापासून वाच. तुझ्या आईला विणता येत होतं. तुला लेक आहे. दोन वेण्या. तिला शोध. थट्टा नाही ही. बरण्या उघडत नसतील तर झाकणावर गरम पाणी ओत.

बेल.

ती निघाली दार उघडायला. जाता जाता हाक मारली, अहो — पुढे काहीतरी म्हणणार होती, थांबली. कुणाला हाक मारली ते बघतेय. इकडेतिकडे. माझ्यावरून नजर —

तू कडक म्हणालीस ती उशी. तो खांदा. मी तुझा