बघणं मोठं करायचं

३ मार्च, सोमवार

अब्रू थोडक्यात वाचली आज! खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक तपासायला आलं होतं. अक्षरं म्हणजे मुंग्या, त्याही हलणाऱ्या. कुणाला विचारायची लाज, म्हणून स्वतःच शहाणपणा केला — सगळा मजकूर निवडला आणि अक्षर अठराचं करून टाकलं. झकास दिसायला लागलं! तपासलं, सेव्ह केलं, छपाईला पाठवलं. एका पानाचं पत्रक चार पानांचं झालंय हे माझ्या गावीही नाही.

मशीनवर मेहुणा होता म्हणून निभावलं. हिचा धाकटा भाऊ. मीच चिकटवलाय त्याला या प्रेसमध्ये. गुपचूप माझ्या टेबलाशी आला. हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, कंट्रोल दाबून ठेवायचं आणि माउसचं चाक पुढे फिरवायचं. फाइल आहे तशीच राहते, आपल्याला तेवढी मोठी दिसते.

"दाजी, अक्षर मोठं करायचं नाही. बघणं मोठं करायचं."

साहेबांना कळू देऊ नकोस म्हटलं. त्यानं मान हलवली.

५ मार्च, बुधवार

दोनशे टक्के! एकेक वेलांटी अंगावर येते. ओळीचं शेपूट स्क्रीनबाहेर जातं, मग सारखं डावीउजवीकडे सरकवत बसायचं. चालेल. साहेबांचे बूट वाजले की कंट्रोल आणि शून्य — मुंग्या परत वारुळात!

शेवटच्या कागदी प्रूफला मात्र चाक नसतं. ते सवयीनं वाचतो आणि सही करतो. सवय काय आजची आहे?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणते ही. जाईन. पण एकदा गेलो की तपासणीचा कागद होतो, आणि कागद झाला की खुर्ची जाते. निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत.

१० मार्च, सोमवार

हिची पाठ धरलीय. डॉक्टरांनी झोपताना घ्यायला गोळ्या दिल्यात. डबीवर औषधवाल्यानं छापील चिठ्ठी चिकटवलीय. ही डोळे बारीक करून वाचायला लागली. म्हटलं आण इकडे, लेबलं वाचणं हा माझा धंदा आहे. दोन गोळ्या. दिल्या.

१२ मार्च, बुधवार

ही कालही दुपारपर्यंत उठली नव्हती, आजही नाही. उठते ती भिंत धरून. दुखण्यानं अशक्तपणा आणलाय फार. दोन्ही दिवस स्वयंपाक मी केला, तिनं निमूट खाल्ला. म्हणजे खरंच आजारी आहे.

१४ मार्च, शुक्रवार

आज बरी आहे. काल रात्री गोळी न घेताच झोपली होती. औषधवाल्याकडे स्वतः जाऊन आली. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली. संध्याकाळपासून बोलत नाही. ही भांडली तर परवडते.

१७ मार्च, सोमवार

गोदामात! मला! गोदामात!!

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. तिथेच मनात पाल चुकचुकली. एक छापील लेबल पुढे सरकवलं, खालची ओळ वाचा म्हणाले. मी चष्मा पुसत बसलो. पुन्हा पुन्हा पुसला. मग त्यांनीच ते हळूच काढून घेतलं. डोळे तपासून या, तोवर गोदामात खोकी मोजा, असं ठरलं. किती दिवस ते सांगितलं नाही. तुम्हाला हे सांगितलं कुणी, एवढं विचारायचं भान मला राहिलं.

"तुमच्याच घरच्या माणसानं."

प्रेसमध्ये माझ्या घरचा माणूस एकच आहे. अस्तनीतला निखारा निघाला! ज्याला हात धरून आणला त्यानं माझाच हात सोडवला खुर्चीवरून. जेवण गेलं नाही. हिला कारण सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती, तशीच घासत राहिली.

१८ मार्च, मंगळवार

मेहुण्याला जिन्यात गाठून झाडला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा वगैरे सगळं बोललो. चार लोक ऐकत होते, ऐकू दे. तो खाली मान घालून उभा. शेवटी म्हणाला, "ताईला काही बोलू नका, दाजी." हिचा काय संबंध? म्हटलं, माझ्या घराची पायरी चढू नकोस.

२० मार्च, गुरुवार

खोक्यांवरची अक्षरं हातभर मोठी असतात. चष्मासुद्धा लागत नाही. जखमेवर मीठच ते.

२२ मार्च, शनिवार

उद्या भावाला जेवायला बोलावते म्हणाली. मी म्हटलं, तो निखारा या घरात नको. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"फोन मी केला होता साहेबांना."

मला आधी हसू आलं. मग तिचं तोंड पाहिलं.

सगळं सांगितलं तिनं. गोळी अर्धी होती. मी दोन देत होतो. डबी इतक्या लवकर कशी सरत आली म्हणून औषधवाल्यानं हटकलं, तेव्हा तिला कळलं. भावाला सांगितलं आणि गप्प राहायची शपथ घातली. माझ्या सहीची लेबलंही कुणाच्या तरी घरी डबीवर बसतात, म्हणाली.

खोटं! दोन होतं. मी वाचलंय. आणि असलंच काही, तर माझ्याशी भांडायचं, मला विचारायचं. परस्पर साहेबांना फोन? जिच्यापुढे आयुष्यभर काही झाकलं नाही तिनंच केसानं गळा कापला. माझ्या पाठीमागे! तेच विचारलं तिला.

"विचारलं असतं तर तुम्ही डबी परत वाचून दाखवली असती," म्हणाली. "दोनच."

बाहेरच्या खोलीत झोपतोय.

२३ मार्च, रविवार

तिला खोटं पाडायचं म्हणून सकाळी डबीचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला. मेहुण्यानं शिकवलेलं चाक फिरवत गेलो. दोनशेला दोन. तीनशेला दोनच्या डोक्यावर एक डाग. चारशेला तिरकी रेघ, आणि रेघेपलीकडे एक.

साहेबांना फोन लावला. म्हटलं, दोन महिन्यांत माझ्या सहीनं गेलेलं सगळं पुन्हा वाचून घ्या, बाहेर गेलं नसेल ते थांबवा. साहेबांनी एवढंच विचारलं, माल आत्ता आहे कुठे?

मला माहीत होतं. आठवडाभर मीच मोजतोय ती खोकी.