घरातलं नाव

बुध. १ ऑक्टो., एडिसन
बेसमेंटमध्ये तालीम. ऋजुता आज कागद न बघता बोलली. सोळा वर्षांत माझ्याशी सलग चार वाक्यं मराठीत न बोललेली नात! तिच्या शाळेच्या हिस्टरी प्रोजेक्टमधूनच मराठी मंडळाच्या दिवाळीसाठी नाटुकलं निघालं. स्पेनच्या राजवटीने ग्रानाडाच्या मुसलमानांना आधी बाटवलं, मग फर्मान: अरबी बोलायचं नाही, अरबी नाव ठेवायचं नाही, हमाम म्हणजे न्हाणीघरं बंद, शुक्रवारी घरांची दारं सताड उघडी. शेवटी हे बाटवलेले, म्हणजे मोरिस्को, अल्पुहाराच्या डोंगरात शिरून लढले. हरले.
संवाद ओवीत बांधलेत. साताऱ्याला मास्तर टेबलावर बोटं वाजवत कविता शिकवायचे, तो ठेका अजून बोटांत आहे.
ऋजुता झालीय झोहरा. चर्चच्या दप्तरी मारिया, घरात झोहरा. "आजोबा, शी हॅज टू नेम्स. लाइक मी." शाळेत हिला आर.जे. म्हणतात म्हणे. मला आज कळलं.

रवि. ५
विनायकचा फोन. आता मंडळाचा अध्यक्ष, पण मित्र चाळीस वर्षांचा. "नाना, दिवाळीला लोक चकल्या खायला येतात. हे स्पेन कुठून काढलंस?" मी हसलो. तो हसला नाही. कमिटीतले दोघं अडून बसलेत, आपल्या स्टेजवर मुसलमानांचं बंड नको. म्हटलं, अरे, राजा घरात घुसून भाषा बंद करतो, यात आपलं-परकं कसलं... "मला पटतंय रे. त्यांना कोण पटवणार?"
डोळे मिटले की ग्रानाडामागचा बर्फाचा डोंगर, पायथ्याशी एक उघडं दार.

मंगळ. १४
विनायक घरी आला. चहाला नको म्हणाला! तोडगा आणलाय: ओव्या त्याच, फक्त नावं बदल. झोहराची जानकी कर, गाव कुठलंही. "नाहीतर कॅन्सल करावं लागेल. हात जोडतो, नाना."
ऋजुता जिन्यात उभी. "काका, दॅट्स लिटरली व्हॉट द किंग डिड."
विनायकचे कान लाल. "हुशार आहेस हो," एवढंच म्हणाला. माझ्याकडे न बघता बूट घातले.

शुक्र. १७
विनायकचे दोन मिस्ड कॉल. अंगणात मेपलची पानं. झाडावी लागतील.

गुरु. २३
नावं बदलायला विनायकला परवा हो म्हणून टाकलं. कॅन्सल झालं तर ऋजुता पुन्हा कधी मराठीत तोंड उघडेल? आता घरातही माझ्याशी फक्त इंग्रजी.
जानकी ओवीत बसते. हिच्या तोंडात बसत नाही.
समजूत काढली, मोरिस्कोही बाहेर एक, घरात एक, असेच जगले की.
"ॲण्ड देन दे फॉट, आजोबा."

शनि. २५
हायस्कूलचं ऑडिटोरियम. विंगेत खुर्चीवर बसून लिहितोय. आधीचा डान्स संपत आलाय. पहिल्या रांगेत विनायक, दर दिवाळीचा तोच जांभळा झब्बा. शेजारी कमिटीतले दोघं, हाताची घडी घालून.
ऋजुताने ओढणी डोक्यावर घेतली, माझं मनगट धरलं. आणि मराठीत, "आजोबा, नाव कुठलं घेऊ?"
विनायकला शब्द दिलाय.
म्हटलं, "घरातलं."
बरोबर केलं का? ती गेलीही. टाळ्या. पहिली ओवी स्वच्छ, मास्तरांनी मान डोलावली असती. दुसरीत नाव येतं. विनायक खुर्चीत पुढे सरकलाय, त्याचे ओठ तिच्याबरोबर हलतायत: झोहरा.